चालू हाये का दुकान?

यासीनचाचा सकाळचा चहा घ्यायच्या आधी एका माणसाला फोन लावतात. तो त्यांचा नातेवाईक नसतो, दोस्तही नसतो. कधीकाळी त्याच्या दुकानाची पाटी चाचांनी रंगवलेली असते, एवढंच. पलीकडून "हॅलो" आलं की चाचा विचारतात, "चालू हाये का दुकान?" "हो" आलं की फोन बंद. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भाड्याच्या खोलीला लागूनच त्यांचं रंगाच्या डब्यांनी भरलेलं दुकान. अकोला-अमरावतीत रंगवलेल्या ज्या ज्या पाटीवर नंबर होता, तो त्यांच्या एका जाडजूड वहीत आहे. कोणी नंबर बदलला तर चार ठिकाणी विचारून नवा मिळवतात. रोज एक फोन. वही संपली की पुन्हा पहिलं पान.

मी अकोल्यात आले, ती वर्षं वाईट होती. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. हिवरखेडकडून बाजाराला येणारी माणसं दुकानाबाहेरूनच बघून परत जायची. दुकानं बंद पडत होती. "बंद केलं चाचा," असं कोणी म्हणालं, की मात्र चाचांचा फोन अर्धा अर्धा तास चालायचा.

त्यात फ्लेक्स आले. चाचांचं काम आटलं, पण ऐट गेली नाही. "फ्लेक्स म्हंजे कपडा, बेटा. आमच्या चौकात बकरीनं एका पुढाऱ्याचं अर्धं तोंड खाल्लं. माही पाटी खाऊन दाखवा म्हनाव!"

पैशांचा त्यांचा नियम ऐकून तर मी गार पडले होते. पाटी लागायची, ती वाचून पहिलं अनोळखी गिऱ्हाईक यायचं, आणि मगच चाचा पैसे घ्यायचे. "वाचनारा आलाच नाई तं म्या रंगवलं काय? भिंत?"

मी सिंधुदुर्गातली. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला इथल्या डाळ मिलमध्ये काम मिळालं म्हणून आले, आणि हातभार लागावा म्हणून दारात घावणे करून विकायला बसले. महिन्याभरात चार माणसं थांबली. त्यातल्या दोघांना पत्ता विचारायचा होता. आमच्या भांडणात, आजारपणात चाचाच धावून यायचे, पण रोज त्यांच्यापुढे रडायची लाज वाटे.

अशात मोबाइलवर जाहिरात दिसली. आधी साडेतीन हजार भरा, पंधरा दिवसांत जिल्हाभर तुमचं नाव. मी नंबर लावला. पलीकडचा मुलगा इतका गोड बोलला, की मला 'मॅडम' म्हणाला. मला आयुष्यात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. गणपतीत आईकडे जायला साठवलेले पैसे डब्यात होते. दोन वर्षं मी माहेरी गेले नव्हते. पण धंदा चालला तर पुढच्या वर्षी जाता येईल, असं मनाशी म्हटलं आणि पैसे पाठवण्याआधी कौतुकानं चाचांना मोबाइल दाखवायला गेले.

त्यात जाहिरातवाल्यांच्या एका खूश गिऱ्हाइकाच्या दुकानाचा फोटो होता. अमरावतीचं मसाल्याचं दुकान. 'आमच्यामुळे विक्री चौपट!'

चाचांनी चष्मा पुसला. मोबाइल नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा नाकाशी नेला.

"ही पाटी माही हाये."

"कशावरून, चाचा?"

"स्वतःच्या पोराले वळखाले आधार कार्ड लागते का?" त्यांनी वही काढली, पान उलटलं, नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. "दिगांबरभाऊ, दुकानाची जाहिरात केली का तुमी मोबाइलवर?"

"काहून गंमत करून राहिले, चाचा? दुकान बंद होऊन तीन वर्सं झाली. मी सुरतेत वॉचमन हाओ. तुमालेच तं सांगतलं होतं."

"मले मालूम हाये. हे पोरगी आयकून राहिली, तिच्यासाठी बोला म्हनलं."

चाचांनी मग माझ्या मोबाइलवरून त्या गोड मुलाला फोन लावला. "साहेब, काम करा. गिऱ्हाईक आलं का दुप्पट पैसे घ्या." पलीकडून खट्. पुन्हा लावला, उचललाच नाही.

"पाहा बेटा. नाव करून देतो म्हनते, अन् आपल्याच कामावर भरोसा नाई. आधी पैसे मांगते." मग माझ्या तव्याकडे बघून म्हणाले, "अन् तू काय इकून राहिली, हे तरी कोनाले समजते का?"

खरंच की! मी घावणे घावणे करत बसले होते, आणि वऱ्हाडात तो शब्दच कोणाला ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर निळ्यावर पिवळ्या अक्षरांत पाटी लागली: 'कोकणातले घावणे, म्हंजे तांदळाचं धिरडं. गरम.' खाली माझा नंबर. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी मास्तर पाटी वाचत वाचत आत आले आणि सहा घावणे खाऊन गेले. चाचांनी तेव्हा कुठे पैसे घेतले, आणि वहीत माझा नंबर लिहिला.

तेव्हाच माझं लक्ष त्यांच्या स्वतःच्या पाटीकडे गेलं. 'यासीन पेंटर'. अक्षरं अशी, की बघत राहावं. पण खाली नंबर नव्हता.

"लिहायचा राहिला का, चाचा?"

ते ब्रश धुवत होते. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "मले कोन लावन फोन?" म्हणाले, आणि पुन्हा ब्रश धुवायला लागले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

त्या गणपतीत मी गावी गेले. पहिल्याच सकाळी आई चुलीवर चहा ठेवत होती. मी अंगणात जाऊन, चहा घ्यायच्या आधी, नंबर लावला.

"हॅलो?"

"चालू हाये का दुकान?" मी विचारलं.

पलीकडे ब्रश डब्यात टाकल्याचा आवाज आला.

"चालू हाये, बेटा," चाचा म्हणाले. आणि दुकान चालू असूनही पहिल्यांदाच त्यांनी फोन ठेवला नाही.