केतकीचा दुसरा पैंजण

जुन्या पिक्चरमध्ये भूत असलेली केतकी टीव्हीवर चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली, तेव्हा पहिली हरकत तानुबाईंनी घेतली. मेलेलं माणूस उठून स्वयंपाकाला लागत असेल तर जित्या सुनांनी काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. उमादेवींच्या सुनेनं, धनश्रीनं, त्यांना समजावलं की जुन्या भुताच्या पिक्चरच्या आधी काय घडलं त्याची ही मालिका आहे. केतकी अजून जिवंत आहे, शेवटच्या भागात मरेल.

"म्हणजे मरायची हाय अजून," तानुबाई म्हणाल्या आणि समाधानानं भिंतीला टेकल्या.

त्या दिवसापासून पाथरीच्या त्या गल्लीतल्या बायका दुपारी दोनला उमादेवींच्या बैठकीत जमू लागल्या. पंखा कुरकुरत फिरायचा, पडद्यातून पिवळं ऊन गाळून यायचं, निम्म्या बायका पेंगायच्या आणि निम्म्या केतकीला सल्ले द्यायच्या. कुणी तिला माहेरी निघून जा म्हणायची, कुणी सासूचं ताट वेगळं वाढ म्हणायची. सुलाबाई तर केतकी विहिरीकडं निघाली की टीव्हीपुढं हात आडवा धरायच्या. केतकीनं कुणाचंच ऐकलं नाही. आजकालच्या सुना ऐकतात कुठं?

सगळ्या सतरंजीवर बसायच्या आणि उमादेवी खुर्चीवर. ही खुर्ची त्यांना फुकट मिळालेली नव्हती. शाळा त्यांची दुसरीत सुटली होती, पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी गावातल्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये शुक्रवारच्या, फक्त बायकांसाठीच्या जनाना खेळाला त्यांनी हा पिक्चर पाहिला होता, आणि तोही शेवटपर्यंत. पिक्चरची एकच प्रत मानवतला आणि इथं मिळून चालायची. तिकडं एक रीळ संपलं की बजरंग नावाचा माणूस ते डबड्यात घालून सायकलवर इकडं आणायचा. त्या दिवशी शेवटचं रीळ काही येईना. पाणी भरायची वेळ झाली तशा बाकीच्या बायका उठून गेल्या. नवीन लग्न झालेल्या उमादेवी तेवढ्या थांबल्या, कारण त्यांचे यजमान ईश्वरअप्पा तेव्हा टॉकीजच्या गेटवर बसायचे आणि घरी त्यांच्याबरोबरच जायचं होतं.

पिक्चरमधलं भूत एकाच पायात पैंजण घालून चालायचं. छुम, मग काही नाही. छुम, मग काही नाही. त्या 'काही नाही'लाच बायका घाबरायच्या. दुसरा पैंजण कुठं गेला हे शेवटच्या रिळात होतं, आणि ते पाहिलेल्या गल्लीत एकट्या उमादेवी. त्या सांगायच्या, "केतकी दमून बसती. मग कुठूनसा एक हात येतो. अलगद तिच्या पायात पैंजण घालतो. अन् ती शांत होती." कुणाचा हात, असं विचारलं की म्हणायच्या, ते दिसत न्हाई, दिसायचं नसतंच. या उत्तरावर गल्लीतल्या तीन पिढ्या गप्प बसल्या होत्या.

पण मालिकेतल्या सासूनं तो पैंजण विहिरीत फेकला. पाण्यात तो गोल गोल फिरत खाली जाताना चांगला मिनिटभर दाखवला. मग तानुबाईंनी सुपारी फोडली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "उमाक्का, त्यो हात आता विहिरीतनं यायचा का?"

"टीव्हीवाल्यांना काय कळतंय. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"अन् शेवटच्या भागात हात न्हाई आला तर?"

"तर या गल्लीत जिंदगीभर तोंड उघडणार न्हाई," उमादेवी म्हणाल्या.

ही खबर संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली. उमादेवींच्या जिभेचा प्रसाद न मिळालेलं घर तिथं नव्हतं. ज्यांनी मालिका कधी पाहिली नव्हती तेही आता शेवटच्या भागाची वाट पाहू लागले. केतकीच्या मरणाची फिकर कुणालाच राहिली नाही.

धनश्रीला सासूची दया आली असावी, किंवा गंमत वाटली असावी. चॅनेलच्या पानावर लोक मालिकेबद्दल जे लिहीत होते, त्याच्याखाली तिनं लिहिलं: आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शेवटचं रीळ पाहिलेलं आहे, पैंजण विहिरीत नाही, हातात आहे. झालं. जिंतूरच्या एका माणसानं लिहिलं, हात नव्हता, नाग होता. चुडाव्याच्या एका मास्तरांनी लिहिलं, नाग दुसऱ्या पिक्चरमध्ये होता. एकानं पिक्चर सात वेळा पाहिल्याचं सांगितलं, पण शेवटी सातही वेळा डोळे झाकल्याचं कबूल केलं. दोन दिवसांत नऊशे लोक भांडले.

तिसऱ्या दिवशी चॅनेलमधून राजेश्री नावाच्या मुलीचा फोन आला. ते शेवटचं रीळ आज कुठंच शिल्लक नाही, म्हणाली. काढणारे गेले, काम करणारे गेले. शेवटचं रीळ पाहिल्याचं ठामपणे सांगणाऱ्या आत्याबाई एकट्याच आहेत. शुक्रवारी दुपारी कॅमेरा घेऊन येतो, त्यांनी सगळं सांगायचं, शेवटच्या भागाच्या आधी ते दाखवू.

गल्लीनं घरापुढचे सडे दोनदा घातले. सुलाबाईंनी दाराला रंग दिला, कॅमेऱ्यात दार येणार नव्हतं तरी. उमादेवींची झोप मात्र उडाली. गल्लीला सांगणं वेगळं आणि दुनियेला सांगणं वेगळं, कारण त्यांना एकटीलाच ठाऊक होतं की त्या दिवशी टॉकीजमध्ये रिळाची वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला होता.

गुरुवारी दुपारी खुर्चीतच त्यांना डुलकी लागली. पंखा कुरकुरत होता, तो कधी टॉकीजच्या यंत्रासारखा खरखरायला लागला ते कळलं नाही. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काठ्या खाली उतरल्या होत्या, त्यांत धूळ सावकाश तरंगत होती. केतकी आली आणि सतरंजीवर बसली. तिनं उघडा पाय पुढं केला. बाई, इतकी वर्षं माझी गोष्ट तूच सांगतेस, म्हणाली, आता तूच सांग, तो हात कुणाचा? उमादेवींना वर बघायचं होतं, पण मान जड झाली होती, आणि कुठं तरी टेकली होती. गारेगार चांदी पायाला लागली. त्या दचकून उठल्या.

समोर ईश्वरअप्पा कपाळभर विभूती लावून पेपर वाचत होते. त्यांचं दिवसाचं बोलणं 'होय', 'न्हाई' आणि 'वाढ' एवढ्यातच भागायचं. खोटं ते कधी बोलले नव्हते. तेवढ्या शब्दांत खोटं बोलणार तरी काय?

"आवं," उमादेवी खाली बघत म्हणाल्या, "त्या दिवशी टॉकीजात मला झोप लागली होती. शेवटचं रीळ मी न्हाई पाहिलं. तुमी जागे होते. त्यात खरं काय होतं ते सांगा, उद्या माझी इज्जत जायलीय."

ईश्वरअप्पांनी पेपरची घडी केली. "रीळ आलंच न्हाई."

"काय?"

"बजरंग दिवस मावळताना रिकाम्या हातानं आला. मानवतलाच ते डबडं आलेलं नव्हतं."

उमादेवींनी मनात हिशेब मांडला. म्हणजे हा माणूस पंचेचाळीस वर्षं शेजारी बसून, न आलेल्या रिळाची गोष्ट ऐकत होता, आणि एकदाही हूं की चूं केलं नव्हतं.

"मग मी हात कुठं पाहिला?" त्यांनी विचारलं.

ईश्वरअप्पांनी पेपर पुन्हा उघडला.

शुक्रवारी बैठकीत दिवे लागले. सतरंजीवर अख्खी गल्ली, पुढं तानुबाई, नवं लुगडं नेसून. राजेश्रीनं उमादेवींच्या पदराला माइक लावला आणि विचारलं, शेवटी काय पाहिलंत? उमादेवींनी तोंड उघडलं. आवाज निघेना. तानुबाईंच्या चेहऱ्यावर पहाट फुटायला लागली.

"मी गवाही देतो," दारातून ईश्वरअप्पा म्हणाले.

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून गल्लीनं ऐकलं नव्हतं. ते आत आले, खाली बसले. सांगू लागले, की खेळ जनाना होता, गेटवर आपण एकटेच पुरुष होतो, आणि आपली बायको शेवटपर्यंत बसून होती. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. राजेश्रीनं विचारलं, तुम्ही शेवटी काय पाहिलंत?

"एक बाई. दमून बसली होती. बसल्या जागी झोपली. तिच्या एका पायातला पैंजण निसटून खाली पडला होता."

"मग?"

"मग एक हात आला. त्यानं अलगद परत घातला. ती न्हाई उठली."

सुलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. राजेश्री पुढं सरकली. "हात कुणाचा होता, आजोबा?"

ईश्वरअप्पा कपाळावरच्या विभूतीपर्यंत लाल झाले.

"नवऱ्याचा," ते म्हणाले आणि उठून मागच्या अंगणात निघून गेले.

माइक उमादेवींच्या पदराला तसाच लावलेला होता. राजेश्रीनं दोनदा विचारलं, आजी, तुम्हाला काही सांगायचंय? उमादेवी आपल्या पायांकडं बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. कॅमेरा गेला, चहाचे कप उचलले गेले, सतरंजी झटकली, तरी बोलल्या नाहीत. शेवटचा भाग अजून लागायचाच होता. पण तानुबाईंनी बाहेर जाऊन गल्लीला सांगून टाकलं की उमाक्का हरली, तिचं तोंड बंद झालंय, आपण स्वतः बघून आलोय. गल्लीला ते ऐकून सुख वाटायला हवं होतं. पण सगळी संध्याकाळ गल्ली कशी भकास वाटत राहिली. छुम झालं होतं आणि पुढचं काही नाही.

आत उमादेवी चहा घेऊन अंगणात गेल्या. ईश्वरअप्पा तुळशीपाशी पाठमोरे बसले होते.

"पाय माझा धरला, अन् पंचेचाळीस वर्षं सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "निदान तवा जागं तरी करायचं."

"घाबरलो होतो."

"भुताला?"

ईश्वरअप्पांनी कप घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"तुला," ते म्हणाले.

अंगणातून उमादेवींचा आवाज सणसणीत उठला, चहा निवेपर्यंत फुंकत बसायची ही कुठली रीत म्हणून. तो भिंतीवरून गल्लीत उतरला, आणि आपल्या दारात तानुबाईंनी सुटकेचा श्वास सोडून सुपारी फोडली.