पाहुण्यांसाठी ठेवलेली गोळी

कूलरची खस बदलायला मिस्त्री बोलवायचा नाही, असा गणपतराव भोयरांचा तीस वर्षांचा नियम होता. या एप्रिलमध्ये तो भोवला. स्टूल हललं, गणपतराव खस उराशी धरून अंगणात उतरले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडात प्लेट बसली आणि शेवटी कूलरवाला मिस्त्री बोलवावाच लागला.

घरी सोडताना डॉक्टर मेघांनी दहा गोळ्यांची एक स्ट्रिप हातात दिली. "काका, ही साधी गोळी नाही. अफूच्या जातीची आहे. दुखणं थांबवते, पण सवयही लावते. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. कुलपात ठेवा आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नका."

गणपतराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. लेखी सूचनेवर त्यांचा देवाइतकाच विश्वास. त्यांनी तीनदा मान हलवली. शेजारी बसलेल्या कौशल्याबाईंच्या मनात मात्र पहिलं वाक्यच घर करून बसलं. ही साधी गोळी नाही! त्यांनी स्ट्रिप कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

त्याच दिवसापासून नंदनवन वस्तीतली त्यांची गल्ली भेटीला लोटली. भेटीला येणारा माणूस आजाऱ्याची दोन मिनिटं चौकशी करतो आणि मग स्वतःचं काय काय दुखतं ते वीस मिनिटं सांगतो. गणपतराव आतल्या खोलीत पडून हे सगळं ऐकत होते. कौशल्याबाईंच्या घरातून आजवर कोणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही. पपई घेऊन येणाऱ्याला त्याच पपईतली अर्धी परत मिळायची. मधूनमधून कपाटाचं कुलूप वाजत होतं, पण बाई बशा काढत असतील असं गणपतरावांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खांद्यात सुऱ्या फिरायला लागल्या. गणपतरावांनी स्ट्रिप मागवली. दहाच्या दहा घरं रिकामी होती.

"कौशल्या!"

"आली ना! काहून ओरडून राहिले?"

"मी चार गोळ्या घेतल्या. बाकीच्या सहा कुठी गेल्या?"

"दिल्या."

"कोणाले?"

"दोन महादेवभाऊजींले. एक रात्रीची, एक प्रवासाले. जयाताईचे गुडघे भल्ले दुखून राहिले होते, तिले एक. कूलरवाल्या मिस्त्रीची कंबर धरली होती, त्याले एक. आन् दूधवाल्याले एक."

"दूधवाल्याले काय झालं?"

"काही नाई. पण मिस्त्रीले देताना त्यानं पाह्यलं. मंग त्याले नाई देणं बरं दिसते का?"

गणपतरावांनी डोळे मिटून घेतले. "ह्या पाच झाल्या. सहावी?"

"आठवत नाई बापा."

मुलगा दुर्गेश चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. "बाबा, तो देत नाई. पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत कशा संपल्या, म्हणून विचारते. त्यानं डॉक्टरीणबाईंले फोन बी लावला."

तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला. आवाज इतका मऊ होता की गणपतरावांना धडकी भरली.

"काका, खरं सांगा. दिवसाला किती घेताय?"

"दोन! जास्त एकही नाही. बाकीच्या बायकोनं पाहुण्यांना वाटल्या."

"काका, असं सगळेच सांगतात. कोणी पाहुण्यांना दिल्या म्हणतं, कोणी बेसिनमध्ये पडल्या म्हणतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सवय हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. संध्याकाळी पाचला या. आमच्या समुपदेशक मॅडम पण असतील. तोवर साधी तापाची गोळी घ्या."

गणपतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस सत्तरीला टेकल्यावर व्यसनी ठरत होता! साक्षीदार हवा म्हणून त्यांनी गल्लीतल्या महादेवरावांना फोन लावला.

"गोळी? कोणती गोळी?" महादेवराव म्हणाले. "मी तर लवंग बी डॉक्टरले विचारून खातो गा."

जयाबाई म्हणाल्या, "माहे गुडघे? माह्या गुडघ्यांले काय झालं? सूनबाई बाजूले बसली आहे, मंग बोलते." दूधवाल्याने फोन उचलला नाही. मिस्त्री म्हणाला, कूलरचे पैसे मिळाले, बाकी त्याला काही माहीत नाही.

"अशी ही तुही माणसं!" गणपतराव ओरडले आणि ओरडल्यामुळे खांद्यातून कळ आली. "माह्या नावाची माती करून टाकली तुनं!"

"आता मी काय त्यांच्या पोटातून काढून आणू गोळ्या?" कौशल्याबाई फणकारल्या. पण पाच वाजता जरीची साडी नेसून, पर्स घेऊन त्या बरोबर निघाल्या.

दवाखान्यात गर्दी होती. दुर्गेश गाडी लावायला गेला. गणपतराव रिकामी स्ट्रिप मुठीत धरून, मनातल्या मनात जबाब तयार करत बसले. पलीकडच्या खुर्चीवरची एक बाई मान धरून कण्हत होती. कौशल्याबाई तिच्याकडे सरकल्या.

"काय झालं वं बाई?"

"मान गेली जी. दोन दिवस झाले, वळत नाई."

"थांब." कौशल्याबाईंनी पर्स उघडली. रुमाल निघाला, रुमालातून कागदाची पुडी निघाली आणि पुडीतून पांढरी गोळी. "हे घे. साधी नाई बरं. अर्धीच घेजो."

"काकू!"

केबिनच्या दारात डॉक्टर मेघा उभ्या होत्या. मागे समुपदेशक मॅडम. कौशल्याबाईंचा हात तसाच पुढे राहिला.

गणपतराव ताडकन उठले. आपली सुटका झाली, हे त्यांच्या डोक्यात आधी यायला हवं होतं. पण आलं ते वेगळंच.

"सकाळपासून मी तडफडून राहिलो आन् गोळी तुह्या पर्समध्ये होती?"

"पाहुण्यांसाठी ठेवली होती," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "कोणी आलं आन् घरात काही नसलं, तर कसं दिसते?"

डॉक्टरांनी गोळी ताब्यात घेतली, दोघांना आत बसवलं आणि आधी गणपतरावांना हात जोडले. "काका, चूक झाली. सवय लागली आहे, पण तुम्हाला नाही. काकूंना. घ्यायची नाही, द्यायची." मग त्यांनी कोणाकोणाला दिल्या ते विचारलं. कौशल्याबाईंनी सगळं सांगितलं. महादेवभाऊजी पुतण्याच्या साक्षगंधाला कळमेश्वरला निघाले होते. ते बसमध्ये असे झोपले की कळमेश्वर मागे पडलं आणि उठले पार पुढे काटोलला. घरी त्यांनी बस बिघडली म्हणून सांगितलं, खरं फक्त कौशल्याबाईंना.

गणपतरावांना हसू फुटलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

"ते झोपेची गोळी घेतात का?"

"रोजची आहे त्यांची."

"काकू, झोपेच्या गोळीवर ही गोळी पडली तर श्वास मंदावतो. कधी कधी थांबतो. ते काटोलला उठले, हे त्यांचं नशीब. नाहीतर उठलेच नसते."

कौशल्याबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कमरेची किल्ली काढून नवऱ्याच्या मोडक्या हाताला बांधलेल्या झोळीत टाकली आणि पदराने डोळे पुसले. "मले वाटलं, दुखणं कमी होते तर देऊन टाकावं. मी काय कोणाचं वाईट केलं असतं?" गणपतरावांचा राग तिथेच ओसरला, आणि त्याचाही त्यांना थोडा राग आला.

डॉक्टरांनी नव्या चार गोळ्या लिहून दिल्या. चार दिवस फक्त संध्याकाळी एक, पुढे साधी गोळी, आणि उरली तर इथेच आणून द्यायची. मग कौशल्याबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "आता कोणाचं काही दुखलं तर काय द्याल?"

"तुमचं नाव आन् दवाखान्याचा नंबर," कौशल्याबाई ताबडतोब म्हणाल्या. डॉक्टरांनी खूश होऊन आपली दोन कार्डं दिली. कौशल्याबाईंनी टेबलावरचा आख्खा गठ्ठा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात टाके काढायची तारीख होती. पहिला नंबर लागावा म्हणून गणपतरावांनी कौशल्याबाईंना आणि दुर्गेशला सकाळी आठलाच पुढे पाठवलं. दहा वाजता ते रिक्षाने पोचले, तर दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. महादेवराव कंबर धरून बसले होते. जयाबाई सुनेसकट आल्या होत्या. मिस्त्री होता, मानवाली बाई होती, एका पायाची चप्पल काढून दूधवालाही बसला होता. सगळ्यांच्या हातात डॉक्टरांचं कार्ड होतं. काचेतून डॉक्टर मेघांनी बाहेर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"चला, आपला पहिला नंबर आहे ना?" गणपतरावांनी विचारलं.

"होता," कौशल्याबाई म्हणाल्या. "महादेवभाऊजींले देऊन टाकला. त्यांले बसवत नाई."

"मंग दुसरा?"

"तो जयाताईले."

"कौशल्या, मंग आपला कितवा?"

कौशल्याबाईंनी पर्समधून टोकन काढलं, पाहिलं आणि दाराकडे नजर टाकली. दारातून एक म्हातारा लंगडत आत येत होता.

"चौदावा आहे," त्या म्हणाल्या. "पण थांबा जरा."