सासऱ्यांच्या खांद्यातील अर्धी गोळी

शस्त्रसुरक्षा सप्ताहाचे उद्घाटन ठरल्याप्रमाणे हवेत गोळ्या झाडून झाले. फीत कापण्यास माननीयांनी नकार दिला होता. कात्रीने इजा होऊ शकते, असे त्यांच्या सल्लागारांचे मत पडले. मैदानावर रायफलधारी जवानांची रांग उभी राहिली, आभाळाने नेहमीप्रमाणे काही हरकत घेतली नाही, आणि एका इशाऱ्यासरशी त्या निळ्या, निराधार पोकळीत शिसे शिरले. टाळ्या झाल्या. कबुतरे उडाली. ध्वनिक्षेपकावरून उपस्थितांना सुरक्षिततेची शपथ देण्यात आली.

त्या वेळी मैदानापासून काही गल्ल्या पलीकडे, चष्म्याच्या दुकानावरील गच्चीत, चष्मेवाल्याचे सासरे पायाची नखे काढत बसले होते. अंगठ्याचे नख चिवट निघाले म्हणून ते पुढे वाकले. वाकले नसते, तर ही कथा याच परिच्छेदात आटोपती. वाकल्यामुळे डोक्यावरचे खांद्यावर निभावले. "आई गं!" एवढेच ते म्हणाले. नख तसेच राहिले.

चष्मेवाला आणि त्याची बायको धावत वर आली, तेव्हा सासऱ्यांच्या बनियनवर एक लाल डाग सावकाश मोठा होत होता आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा कृतार्थता अधिक होती.

"गोळी," ते म्हणाले. "मला गोळी लागली."

सासऱ्यांनी उभा जन्म एका चित्रपटगृहात, बॅटरीच्या उजेडात, लोकांना खुर्च्या दाखवण्यात काढला होता. लागलेला प्रत्येक चित्रपट त्यांनी दाराशी उभे राहून इतक्यांदा पाहिला होता, की शस्त्रांच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द अखेरचा असे.

"घाबरायचं कारण नाही, जावईबापू. खांद्याला लागलीये. खांद्याची गोळी मोजत नाहीत. रुमाल बांधा, मी येतोच चहाला."

"बाबा, रक्त थांबत नाहीये हो!" मुलगी कळवळली.

"नायकाचं कधी थांबतं? तशा अंगाने तो सगळी टोळी लोळवतो."

प्रात्यक्षिकासाठी ते उठले आणि जावयाच्या अंगावर कोसळले.

इस्पितळात डॉक्टरांनी रक्त थांबवले, एक्स-रे काढला, आणि तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. काळ्या फिल्मवर हाडांच्या धुक्यात एक पांढरा दाणा होता. अंधारात कुणी विसरून गेलेल्या दिव्यासारखा.

"ताबडतोब काढा," सासरे पलंगावरून म्हणाले. "सुरी तापवा. मी दातात पट्टा धरतो."

"गोळी काढलीच पाहिजे असं नसतं, आजोबा. कित्येक जण आयुष्यभर अंगात घेऊन हिंडतात," डॉक्टर म्हणाले. मग चष्मेवाल्याला बाजूला घेऊन त्यांनी आवाज उतरवला. "पण ही हाताच्या मज्जातंतूवर टेकलीये. बोटं बधिर व्हायला लागलीत. लवकर काढली नाही, तर हात जाईल."

"मग काढा ना, डॉक्टर!"

"ठाण्याचं पत्र आणा. गोळी हा शब्द तुम्ही उच्चारलात. उच्चारायला नको होता."

ठाण्यातले अंमलदार सौजन्यमूर्ती होते. त्यांनी चष्मेवाल्याला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि त्याच्या सासऱ्यांना गोळी लागलेली नाही, हे समजावून दिले.

"गोळ्या आम्ही वर झाडल्या. बरोबर?"

"बरोबर."

"मग तुमचे सासरे वर आहेत का?"

"नाही, घरी होते. गच्चीत."

"म्हणजे खाली. हवेत झाडलेली गोळी हवेत विरते, साहेब. आवाज विरतो, धूर विरतो. गोळीनेच काय घोडं मारलंय? वर गेलेल्या गोळीला परत या असा आदेश आमच्याकडून कधीही दिला गेलेला नाही."

"पण ती खांद्यात आहे हो! फोटोत दिसतेय."

अंमलदारांनी समजूतदारपणे मान हलवली. "लागली तेव्हा ते किती लांब उडाले?"

"उडाले नाहीत. खुर्चीतच होते."

"बघा. गोळी लागलेला माणूस मागे उडतो. निदान एखादी काच फोडतो. तुमच्याकडे फुटलेली काच आहे?"

चष्म्याच्या दुकानात काचेला तोटा नव्हता. पण फुटलेली एकही नव्हती. चष्मेवाल्याला आपल्या घराच्या धडधाकटपणाची प्रथमच शरम वाटली. तरी तो हटेना, तेव्हा अंमलदारांनी प्रकरण शस्त्र विभागाच्या तज्ज्ञांकडे सोपवले.

तज्ज्ञांच्या खोलीत भिंतभर विभागाचे बोधचिन्ह रंगवलेले होते: निळ्या आकाशातून सणसणत जाणारी सोनेरी गोळी, तिच्यामागे वेगाच्या तीन रेषा. ते चिन्ह काढणाऱ्या चित्रकाराने दुकानात मांडलेले काडतूस पाहिले होते आणि तेच्या तेच, बुडाच्या पितळी पुंगळीसकट, आकाशात उडवले होते. त्या चिन्हाखाली अधिकाऱ्यांच्या पिढ्या घडल्या होत्या. तज्ज्ञांनी एक्स-रे चिन्हाशेजारी धरला. एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

"ही अर्धीच आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नुसतं टोक आहे. मागचा पितळी भाग कुठाय?"

"तो... बंदुकीतून बाहेर पडत असेल ना? येताना पाहिल्या ना मी, मैदानात मंचापाशी पुंगळ्या पडल्यात खूप."

"विभागाच्या चिन्हात पूर्ण गोळी उडते आहे," तज्ज्ञ थंडपणे म्हणाले. "चिन्ह खोटं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, नाही, साहेब."

"अर्ध्या गोळीवर मी पूर्ण दाखला देऊ शकत नाही. उरलेला भाग हजर करा."

संध्याकाळी, पत्र नाही म्हणून इस्पितळाने घरी धाडलेल्या सासऱ्यांना चहाचा कप दिला, तर तो बोटांतून निसटून फुटला. ते आपल्या हाताकडे पाहत राहिले. घरी आलेल्या परक्याकडे पाहावे तसे. मुलीने पदराने डोळे पुसले. "अहो, काय मागतायत ते देऊन टाका ना. कुठूनही आणा, पण आणा."

चष्मेवाल्याने दुकान बंद केले आणि मैदान गाठले. तुडवलेल्या गवतात, कागदी झेंड्यांच्या ढिगाऱ्यात, त्याला एक रिकामी पुंगळी सापडली. धुऊन, पुसून, चष्म्याच्या मखमली डबीत घालून त्याने ती तज्ज्ञांपुढे ठेवली. सरकारी कामात आपण काही पूर्णत्वास नेले, असे त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटले.

तज्ज्ञांनी डबी उघडली. पुंगळी एक्स-रेशेजारी धरली. त्यांचा चेहरा उजळला.

"उत्तम! आता गोळी पूर्ण झाली." मग त्यांनी घंटी वाजवली. "परवाना दाखवा."

"कसला?"

"पूर्ण गोळी बाळगण्याचा. अर्धी तुमच्या सासऱ्यांकडे, अर्धी तुमच्याकडे. एकाच कुटुंबाने दारूगोळा वाटून ठेवायचा, ही युक्ती आम्हाला नवी नाही."

इथून पुढचे सर्व काही नियमानुसार झाले. विनापरवाना दारूगोळा जप्त करावा लागतो. जप्त झालेली वस्तू मुद्देमालाच्या खोलीत ठेवावी लागते. आणि गोळीचा पुढचा भाग सासऱ्यांत असल्यामुळे सासऱ्यांना वगळून तो जप्त करणे शक्य नव्हते. त्यांच्या गळ्यात लाखेची मोहोर असलेली चिठ्ठी बांधून त्यांना खालच्या मांडणीवर, जप्त सायकली आणि बेवारस छत्र्यांच्या मधोमध निजवण्यात आले. त्या खोलीत वस्तूंना आपले मालक विसरण्याचा वास होता.

सासरे सुरुवातीला खूश होते. "हे कसं रीतसर झालं! साक्षीदाराला असंच लपवतात."

"बाबा, तुम्ही साक्षीदार नाही हो. तुम्ही मुद्देमाल आहात."

"महत्त्वाचा आहे ना पण?"

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप चढला, आणि ठाण्यातल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. गोळी तापली की आपोआप उडते, हे तिथे सर्वांना ठाऊक होते. सासऱ्यांभोवती वाळूच्या बादल्या आल्या. गरम चहा, तिखट आणि राग या तिन्हींना मज्जाव झाला. पहाऱ्यावरच्या शिपायाने एक लाकडी टेबल आडवे पाडून त्यामागे ठाण मांडले. पातळ फळीच्या टेबलातून गोळी जात नाही, अशी त्याची भाबडी, हृद्य श्रद्धा होती. सासरे खोकले, की अख्खे ठाणे जमिनीवर लोळण घेई.

"खोकू नका हो, आजोबा!" शिपाई टेबलामागून विनवी. "घरी लेकरंबाळं आहेत."

"अरे, पाणी तरी दे!"

"तोंड भिंतीकडे करून मागा!"

खांद्यात सुखरूप झोपलेला तो दाणा आता कुणालाच उडवू शकत नव्हता. त्याला उडवणारी दारू मैदानावर टाळ्यांच्या कडकडाटात केव्हाच जळून गेली होती. तो फक्त एका म्हाताऱ्याचा हात हळूहळू विझवत होता. चष्मेवाला भेटायला आला, तेव्हा मनगटाखाली काही उरले आहे की नाही, हे सासऱ्यांना पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हते.

तो अंमलदारांपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, उद्यापर्यंत हात जाईल, म्हणतात डॉक्टर. काहीतरी वाट काढा."

अंमलदारांनी दार लावून घेतले. प्रथमच ते माणसासारखे दमलेले दिसले. "अहो, मलाही कळतं. पण गोळी खाली आली असं मी लिहिलं, तर सप्ताह बंद. वर झाडायची नाही, तर झाडायची कुठे? माननीयांना काय सांगू? त्यापेक्षा गोळी हा शब्दच काढू. 'धातूचा तुकडा, मूळ अज्ञात.' तुकड्याला परवाना लागत नाही, जप्ती लागत नाही. डॉक्टर आत्ता काढतील. तुम्ही फक्त सही करा, की कोणतीही गोळी खाली आली नाही आणि याबाबत पुन्हा कधी, कुठेही, बोलणार नाही."

सहीचा कागद मुद्देमालाच्या खोलीत, सासऱ्यांसमोरच आला. त्यांनी तो पुटपुटत वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

"सही करू नका, जावईबापू."

"बाबा, हाताचा प्रश्न आहे."

"माझ्याच हाताचा ना? चाळीस वर्षं मी दाराशी उभा राहिलो. जे काही घडायचं ते पडद्यावर, दुसऱ्यांना. मी आपला बॅटरी मारत. एवढी एकच गोष्ट माझ्या बाबतीत घडलीये. आणि तुम्ही लिहून देताय, की घडलीच नाही?"

"बाबा, ऐका ना," मुलगी म्हणाली. "आम्हाला माहीत आहे ना. आपण तिघं जाणतो."

"तिघांनी जाणलेलं घरात राहतं, पोरी."

जावयाने लेखणी उचलली. त्याला अडवण्यासाठी सासऱ्यांनी हात पुढे केला. म्हणजे करायचा ठरवला. हात मांडणीवर, छत्र्यांच्या शेजारी, होता तिथेच पडून राहिला. शिपायाने टेबलामागून डोके वर काढले.

चष्मेवाल्याने सही केली.

त्याच रात्री डॉक्टरांनी मूळ अज्ञात असलेला तुकडा काढला. हात वाचला, दोन बोटे तेवढी मिटेनाशी झाली. वाटीत वाजलेल्या त्या दाण्याकडे सासऱ्यांनी मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. समारोपाच्या दिवशी माननीयांनी जाहीर केले, की सप्ताहाच्या संपूर्ण इतिहासात हवेतील एकही गोळी खाली आल्याची नोंद नाही. ते अक्षरशः खरे होते. त्या आनंदात पुन्हा गोळ्या झाडण्यात आल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका दुकानात आले. सासऱ्यांना इस्पितळात नेताना गल्लीने पाहिले होते, आणि काकांना राहवत नव्हते.

"काय रे, सासऱ्यांना नक्की झालं काय? लोक भलतंसलतं बोलतायत."

चष्मेवाल्याने हातातली काच बराच वेळ पुसली. "धातूचा तुकडा, काका. मूळ अज्ञात."

"तरीच!" काकांनी सुटकेचा श्वास टाकला. "मी पहिल्या रांगेत होतो ना, दोन्ही वेळा. शेवटपर्यंत वर बघत होतो, पापणीसुद्धा लवली नाही. एकही गोळी परत येताना दिसली नाही. बघून बघून डोळे मात्र दुखतायत. जरा तपास बरं."

चष्मेवाल्याने त्यांना खुर्चीत बसवले, दिवा मालवला, आणि समोरच्या तक्त्यावर प्रकाश टाकला. काकांनी सर्वांत खालची, सर्वांत बारीक ओळ न अडखळता वाचली. त्याने दोन्ही डोळे आलटून पालटून, भिंगातून, पुन्हा पुन्हा पाहिले. कुठे काही सापडेना. डोळे अगदी निर्दोष होते. कथेची ही शेवटची ओळ वाचणाऱ्याचे आहेत, तितकेच.