गडावरून घर दिसतं का

त्या दिवशी विचुंब्यात गार आणि निर्मळ सकाळ उजाडली होती. माघ नुकता लागलेला. रात्रभर उत्तरेचा वारा सुटला होता, आणि जाताना तो सगळी धूळ, सगळा धूर, डंपरांनी उडवलेली सगळी माती बरोबर घेऊन गेला होता. (एरवी पनवेलचं आभाळ म्हणजे पेजेचं पाणी. आहे म्हणायचं, एवढंच.) आज मात्र प्रबळगड असा लख्ख दिसत होता, की वाटावं रात्रीतून चालत आला आणि कुंपणाच्या मागे येऊन उभा राहिला.

भगवान ओट्यावर बसून मिश्री लावत होता. बोट तोंडात तसंच राहिलं आणि तो गडाकडे बघत बसला. जन्मल्यापासून हा गड त्याने रोज पाहिला होता. गडाच्या डोक्यावर ढग बसला की आवणाची, म्हणजे भातलावणीची, तयारी करायची, ढग उठला की वाल पेरायचे, असं सगळं त्याला विचारून चालायचं. आता शेत राहिलं नव्हतं, शेताच्या जागी इमारती होत्या आणि पूर्वेला आणखी एक उठत होती. ती वर गेली की ओट्यावरून गड दिसणं बंद होणार होतं. आणि आज इतक्या वर्षांनी भगवानच्या मनात पहिल्यांदाच आलं, की आपण ह्याला बघतो, तर हा तिथून काय बघत असेल? आपलं घर त्याला दिसत असेल का?

त्याने हे बायकोला विचारलं. जनी सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती.

"त्याला दिसत आसंल," ती म्हणाली. "तुमाला नाय दिसायचं."

असं म्हणायला तिच्याकडे कारण होतं. गल्लीतले बंगले सगळे एकाच ठेकेदाराने बांधलेले, एकाच रंगाचे. मागे एकदा भगवान बाजारातून आला, पलीकडच्या गल्लीतल्या ओट्यावर चप्पल काढून बसला आणि आत बघून पाणी मागितलं. पाणी मिळालं, वर चहाही मिळाला. चहात साखर जास्त पडली तेव्हा त्याला कळलं, की ही जनी नव्हे.

पण म्हणून काय झालं? ज्या जागेत जन्म काढला ती जागा आपल्याला ओळखू येणार नाही, हे भगवानच्या मनाला लागलं. त्याने तोंड धुतलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, की गडावर जायचं आणि तिथून घर ओळखून दाखवायचं.

जायची सोयही आयती निघाली. शेजारच्या इमारतीत प्रभाकर राहायचा. बँकेत साहेब होता, पण माणूस गरीब स्वभावाचा. तो ऑफिसातल्या लोकांबरोबर शनिवारी प्रबळगडला निघाला होता. संध्याकाळी चढून माचीवर तंबूत मुक्काम, पहाटे वर गड, रविवारी दुपारी खाली. त्याची बायको सुनीता येणार होती, पण तिने तंबूचा फोटो बघितला आणि विचार बदलला. एक जागा रिकामी झाली. भगवानने कुंपणावरून विचारलं, मी आलो तर चालंल का. प्रभाकरला इतका आनंद झाला, की तो त्याच संध्याकाळी सगळं सामान दाखवायला घेऊन आला.

त्यात कपाळाला बांधायची बत्ती होती आणि झोपायची पिशवी होती. भगवानने पिशवी उलटीपालटी करून बघितली, मग जमिनीवर पसरून आत शिरला. चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तिथेच ती अडकली. सून रंजिता दिवा लावायला बाहेर आली तर सासरे गुंडाळलेल्या चटईसारखे पडलेले, कपाळावर बत्ती पेटलेली. ती बिचारी देवाला करायचा नमस्कार त्यांनाच करून गेली. चेन शेवटी खोबरेल तेलाने सुटली.

"काका, अजून काही शंका आहे का?" प्रभाकरने विचारलं.

शंका एकच होती. वरून घर ओळखायचं कसं? प्रभाकर म्हणाला, त्याच्याकडे दुर्बीण आहे, पण वरून सगळ्या गच्च्या सारख्याच दिसतात. काहीतरी खूण हवी. तो सहज बोलून गेला. पण भगवानला ती खूण रात्रभर पुरली, आणि सकाळी उठून तो मांडववाल्या कमळाकरकडे गेला.

आपल्या गच्चीवर मावेल एवढं मोठं तांबडं कापड पाहिजे, असं त्याने सांगितलं. कमळाकरने पिवळ्या झालरीचं काढलं आणि साहजिकच विचारलं, कार्यक्रम कवा हाय. आता 'डोंगरावरून बघायला कापड पाहिजे' असं भर दुकानात कोण सांगेल? भगवान म्हणाला, शनिवार-रविवार, घरातल्या घरात, लहानसा.

"मंग हलदीला बॅन्जो सांगितलास का नाय?"

"हलद नाय रे."

कमळाकरचा हात कापडावर थांबला. "हलद नाय?"

"कशाला पाहिजे हलद," भगवान म्हणाला आणि कापड खांद्यावर टाकून निघाला.

त्याच्या बाजूने बोलणं संपलं होतं. पण आमच्या भागात आगऱ्याच्या घरी लग्न एक वेळ होणार नाही, हळद होणारच. ज्या घरात लग्नाचा धाकटा मुलगा आहे, त्या घराला मांडव लागतो आणि हळद नाही म्हणतात, म्हणजे प्रकरण काय असेल, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. कमळाकरनेही कुणाला समजावलं नाही. त्याने फक्त सांगितलं.

शुक्रवारी भगवानने आणि रंजिताने कापड गच्चीवर पसरून चारी कोपऱ्यांना बांधलं. पाण्याची टाकीसुद्धा त्याखाली गेली. झालर कठड्यावरून खाली लोंबत होती आणि रस्त्यावरून चंद्रावती धवलारीण चालली होती. गावातल्या प्रत्येक लग्नात धवले गायचा, म्हणजे विधी लावून द्यायचा मान तिचा. तिने मान वर करून झालर पाहिली, थोडा वेळ उभी राहिली आणि पुढे गेली. भगवानने वरून हात केला. तिने बघितलं नाही. आता म्हातारीला लांबचं दिसत नसेल, असं भगवान रंजिताला म्हणाला.

शनिवारी दुपारी जेवायच्या आधी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून भगवानची बहीण भीमाबाई उतरली. ती करंज्याला दिलेली. तिच्यामागे जावा, नणंदा, सुना, आणि बर्फात घातलेल्या पापलेटांची टोपली. भीमाबाई ओट्यावर चढली, भावाकडे पाठ करून बसली आणि भिंतीला सांगू लागली, की आपल्याला एकच भाऊ, भावाला धाकटा एकच पोर, आणि त्याच्या लग्नाची बातमी आपल्याला मासळी बाजारात परक्या बाईकडून कळते.

भगवानला पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेत हे. (असं होतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.)

तेवढ्यात धाकटा हृतिक बनियनवर बाहेर आला. तो बंदरात रात्रपाळी करून झोपला होता. आत्याने त्याला बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. बाकीच्या बायकांनीही लावला.

"कोण गेलं?" हृतिकने हळूच विचारलं.

भगवानने मग सगळं खरं खरं सांगितलं. गडावर चाललोय, वरून घर ओळखायचंय, म्हणून कापड लावलं. सांगताना त्याच्याच लक्षात येत होतं, की ह्यापेक्षा लग्न पटण्यासारखं आहे. ऐकून झाल्यावर भीमाबाईने पहिल्यांदा तोंड त्याच्याकडे वळवलं.

"दादा, खोटं बोलायचा तर नीट तरी बोल," ती म्हणाली. "पोरगी कुठची हाय ती सांग. आमी काय खातो तिला?"

जनीने काहीच वाद घातला नाही. ती इतकंच म्हणाली, की आलेलं माणूस उपाशी जाणार नाही, आणि भगवानच्या हातात पिशव्या दिल्या. कोंबडी आणा, आणि स्टेशनच्या अलीकडे भाकऱ्या करून देणारी बाई आहे, तिच्याकडच्या सगळ्या भाकऱ्या आणा. भगवान मुकाट्याने गेला. बाजारात शनिवारची गर्दी. कोंबडीच्या रांगेत उभा असताना तो मधूनमधून मान वर करून गडाकडे बघत होता. गड तसाच लख्ख होता, आणि निघायची वेळ जवळ येत होती. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील का, आणि ओट्यावरून गड तरी दिसेल का, ह्याचा हिशेब त्याने मनाशी केला आणि तो बरा आला नाही.

पुढच्या दारी बायका बसलेल्या म्हणून तो बांधावरून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला. पिशव्या खाली ठेवल्या आणि चुलीजवळच्या पाटावर बसला. रंजिता म्हणाली, मामंजी, प्रभाकर काका पुढून हाक मारायला आले होते, आत्यांनी त्यांना बसवून चहा पाजला, आता ते गाडीत जाऊन बसलेत. भगवानने मान हलवली. सांग त्यास्नी जा म्हणून, असं म्हणाला आणि भाकऱ्या मोजायला लागला. एकाच चवडीच्या त्याने दोनदा मोजल्या.

जनी कांदा चिरत होती. तिने वर न बघता विचारलं, "बसलाव काय? जा."

"पावणे हायत."

"पावणे कोंबडीसाठी थांबलेत. तुमच्यासाठी कोन थांबलाय?"

"भीमा इचारंल ना, दादा कुठं गेला."

"सांगीन, नवरी आनायला गेलाय."

भगवानने तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. कांद्यामुळे असेल, डोळ्यांत पाणी होतं. मग ती म्हणाली, "जा, आनि वलखून दाखवा घर. नाय वलखलं तर तिथंच ऱ्हावा."

भगवानने झोपायची पिशवी बगलेत मारली आणि जसा आला तसाच मागच्या बांधावरून गाडीपर्यंत धावला. ह्या वयात माणूस घरातून पळून जातो तेव्हा त्याला कसं वाटतं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बरं वाटतं.

चढताना मात्र फार बरं वाटलं नाही. प्रत्येक वळणावर तो दगडावर बसायचा आणि मागे वळून घर दिसतं का बघायचा. ऑफिसची मंडळी कौतुकाने म्हणायची, काकांना निसर्गाची आवड आहे. (दम लागला होता, हे एक; आणि समोर नुसतीच झाडं होती, हे दुसरं.) रात्र तंबूत गेली. तंबूबद्दल भगवानचं मत एवढंच पडलं, की त्यात उभं राहता येत नाही आणि आडवंही होता येत नाही, तरी लोक त्याला भाडं देतात.

सकाळी ते गडाच्या माथ्यावर पोचले. ऊन पाठीमागून येत होतं आणि खाली सगळा मुलूख उजळत चालला होता. भगवान कडेपासून दोन हात अलीकडे बसला आणि बघत राहिला. नदी म्हणजे कुणी अंगणात सांडलेलं पाणी. रस्ते दोऱ्यांसारखे, आणि दोऱ्यांवरून मुंग्या. पार लांब उरणकडची खाडी चकाकत होती. आणि नव्या इमारती, बापरे, मिठागरातल्या राशींसारख्या ओळीने मांडलेल्या, एकसारख्या, पांढऱ्या. आपण रोज खाली एवढं ओरडतो, भांडतो, हॉर्न वाजवतो, आणि गडाला ह्यातलं काहीच ऐकू येत नाही, ह्याचं त्याला फार नवल वाटलं.

प्रभाकरने दुर्बीण दिली. पहिल्यांदा भगवानला स्वतःच्या पापणीचे केस दिसले. मग आभाळ. मग धीर धरून त्याने नदी पकडली, नदीवरून पूल, पुलावरून रस्ता, रस्त्याने हळूहळू, बाजारातून घरी चालत यावं तसा तो विचुंब्याकडे आला. गच्ची, गच्ची, गच्ची. आणि मग एका गच्चीवर तांबडा ठिपका. झालर काही दिसली नाही, पण तांबडा तो तांबडाच.

भगवान उठून उभा राहिला. त्याने हात वर करून हलवला, मग दोन्ही हात हलवले. ऑफिसच्या मंडळींना बोलावून एकेकाला दुर्बिणीतून घर दाखवलं. हा जिना, ही टाकी, ह्या जागेत जन्मलो. दिसत कुणालाच काही नव्हतं, पण सगळे म्हणाले, छान आहे. फोनला तिथे रेंज होती. त्याने जनीला लावला.

"जने, दिसला गो. आपला मांडव दिसला."

 पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ठिपक्याजवळ उभं दिसतंय ती जनीच, पण ही भांडी घेऊन गच्चीवर कशाला गेली, असं भगवानला वाटलं.

"काय काय दिसतंय?" तिने शेवटी विचारलं.

"समदा दिसतंय. तू पन दिसतेस, उभी."

"बरं," जनी म्हणाली. "सावकाश उतरा."

फोन ठेवून भगवान पुन्हा हात हलवायला लागला. प्रभाकर मघापासून बाजूला उभा होता. त्याने एकदा दुर्बिणीतून पाहिलं, एकदा भगवानकडे पाहिलं आणि दुर्बीण पिशवीत ठेवली. मग सगळे खाली उतरायला लागल्यावर तो हळूच जवळ आला, भगवानच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुमचं कापड आत्यांनी कालच गच्चीवरून उतरवून अंगणात बांधून घेतलं होतं, उन्हाचं; मी त्याच्याखालीच चहा प्यायलो. तुम्ही मघापासून ज्यांना हात करताय ना, त्यांच्याकडे बहुतेक खरंच लग्न आहे."