शांतवन साळवे आणि माझी मैत्रीण

शांतवन साळवे माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी चपला बघतात.

पनवेलच्या एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमचं उपासना मंदिर, म्हणजे चर्च, आहे. त्याच्या मागे पत्र्याच्या छपराची एक खोली आहे आणि दर गुरुवारी चार ते सहा साळवे तिथे समुपदेशन करतात. दाराबाहेर चपला काढताना आपण त्यांना खिडकीतून पूर्ण दिसतो, हे नवीन माणसाला माहीत नसतं. चपलांची तोंडं रस्त्याकडे असली की ते वहीत लिहितात, ‘पळायच्या तयारीत’. तोंडं दाराकडे असली तर ‘आला आहे’. एक इकडे आणि एक तिकडे पडली असेल तर ‘घरून भांडून आला आहे’. नाडी न सोडता बूट ओढून काढणाऱ्याचं नावसुद्धा ते पेन्सिलीने लिहितात, कारण तो पुन्हा येत नाही.

साळवे टपाल खात्यात सॉर्टर होते. तीस वर्षं पाकिटं खणाखणांत टाकली आणि निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांचा समुपदेशनाचा कोर्स करून माणसं टाकायला लागले. त्यांच्या वहीत चार रकाने असतात: नाही, बघू, हो, आणि घसरला. दारू सोडायची असो, सासूशी बोलायचं असो की मुलावरचा राग आवरायचा असो, साळवे आधी रकाना ठरवतात. उपाय नंतर.

“माणूस बदलायला तयार नसताना त्याला सल्ला देणं म्हणजे पत्ता न बघता शिक्का मारणं,” असं ते म्हणतात. याला त्यांच्याकडे बायबलचाही आधार आहे. अडतीस वर्षं तळ्याकाठी पडून राहिलेल्या माणसाला येशूने बरं करण्याआधी, तुला बरं व्हायचंय का, असं विचारलं होतं. “प्रभूला विचारावंसं वाटलं,” साळवे म्हणतात, “मग मी कोण न विचारणारा?”

तर ते विचारतात. “तयारी दहापैकी किती?” आकडा सांगितला की थोडं थांबून, “आणि खरं किती?” खरा आकडा चार आला तर आपल्याला वाटतं, आता विचारतील की दहा का नाही. ते विचारतात, “चार? मग तीन का नाही?” आणि माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःची बाजू मांडायला लागतो. आमच्या पाळकसाहेबांना साखर निघाली तेव्हा गोड सोडण्याची तयारी त्यांनी नऊ सांगितली होती. “खरं किती” म्हटल्यावर ते दीडवर आले.

त्यामुळे मंडळीतले लोक साळव्यांना जरा घाबरूनच असत. रविवारी उपासनेनंतर ते एका दाराने बाहेर पडले की बरेच जण दुसऱ्या दाराने पडत. मीही त्यातलीच. मी कामोठ्याला घरी गणिताचे क्लास घेते, आकड्यांना मी घाबरत नाही. पण कुणी मला आकडा विचारावा, हे मला नको होतं.

कारण जानेवारीत आंघोळ करताना डाव्या छातीत, काखेजवळ, माझ्या हाताला गाठ लागली होती. चण्याएवढी.

मी कुणालाही सांगितलं नाही. माझा नवरा विजय, मुलगी रिया, कुणालाच नाही. बाथरूममधल्या आरशावर टॉवेल टाकून आंघोळ करायला लागले. टीव्हीवर त्या आजाराची जाहिरात लागली की मी उठून कुकर बघायला जायची, कुकर लावलेला नसला तरी. बाजाराच्या रस्त्यावर एक मोठं हॉस्पिटल लागतं, म्हणून रिक्षा लांबून न्यायला सांगायची. क्लासमध्ये फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे मुलं आणि पुढे फक्त ती गाठ, असं वाटायचं. रात्री झोप लागायची, पण सकाळी जाग आल्यावर पहिला एक क्षण काहीच आठवायचं नाही आणि मग आठवायचं. तो दुसरा क्षण रोजचा होता.

दीड महिना असा काढल्यावर एका गुरुवारी मी साळव्यांच्या खोलीत जाऊन बसले.

“माझी एक मैत्रीण आहे,” मी म्हणाले.

साळव्यांनी चष्मा पुसला. “असते,” ते म्हणाले.

“तिला गाठ आहे. ती डॉक्टरकडे जात नाही.”

“भीती कशाची वाटते त्यांना? गाठीची की डॉक्टरची?”

हा विचार मी केलाच नव्हता. “विचारून सांगते.”

“विचारा. पण हळू विचारा, बाई. बिचकतील त्या. नाव काय त्यांचं? प्रार्थनेत घ्यायला बरं.”

मी घाबरून तोंडात आलं ते नाव सांगितलं. “शालिनी.”

पुढच्या गुरुवारी मी सांगितलं की शालिनीला भीती डॉक्टरची वाटते, कारण डॉक्टर त्या गाठीला नाव देतील. साळव्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि विचारलं, “तयारी दहापैकी किती?”

“दोन.”

“एक का नाही?”

मी म्हणाले, “एक असती तर तिनं मला सांगितलंच नसतं.”

ते मान खाली घालून लिहीत राहिले. शालिनी ‘नाही’च्या रकान्यातून ‘बघू’मध्ये गेली.

तिथेच ती राहिली. आधी मुलीची दहावीची परीक्षा आली. “शालिनीताईंची मुलगीही दहावीला?” साळवे अजिबात न हसता म्हणाले. “बरा योगायोग आहे.” मग उपवासाचे दिवस, मग ईस्टर, मग नाशिकचे पाहुणे. दर गुरुवारी मी नवीन कारण न्यायची आणि ते निमूट नोंदवून घ्यायचे. “मी ढकलत नाही, बाई. मी फक्त विचारतो.” शेवटी ते डोळे मिटून शालिनीसाठी प्रार्थना करायचे आणि मी आमेन म्हणायची. एका रविवारी तर पाळकसाहेबांनी भर उपासनेत ‘आपली आजारी भगिनी शालिनी’ हिच्यासाठी मंडळीला उभं केलं. विजय माझ्या शेजारी उभा होता. त्यानं मनापासून, मोठ्यानं आमेन म्हटलं.

मे महिन्यात गाठ रिठ्याएवढी झाली. त्यावरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली. त्या गुरुवारी मी खोलीत गेले.

“शालिनीताई काय म्हणतात?”

“तीन.”

“दोन का नाही?”

“काल रिया मागून येऊन गळ्यात पडली,” मी म्हणाले, “आणि मी तिच्यावर ओरडले. तिचा हात तिथे लागला. ती इतकी घाबरली, की सॉरी सॉरी म्हणत आपल्या खोलीत गेली. तिला कळेना काय चुकलं. मला वाटलं, हे असं...”

मी थांबले. रियाचं नाव मी घेतलं होतं. वरचा पंखा खडखड करत होता. साळव्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. त्यांनी वही मिटली, पेन टोपण लावून वहीवर ठेवलं, आणि ते पेन घरंगळून खाली पडलं.

“शालिनीताईंना माझा एक निरोप द्या,” ते म्हणाले. “म्हणावं, साळव्यांना भीती वाटते. मी दर गुरुवारी त्यांची तयारी मोजतोय. ती गाठ काही माझी वही बघून वाढत नाही.”

मी वाकून पेन उचललं आणि वहीवर ठेवलं.

“मी कुणाला ढकलत नाही. आज ढकलतोय. उद्या सकाळी दहाला मी स्टँडच्या रिक्षांजवळ उभा असेन. अकरापर्यंत वाट बघेन. त्या आल्या नाहीत तर परवा पुन्हा येईन.”

त्या रात्री मी ठरवलं की जायचं नाही. सकाळीही तेच ठरवलं. दहा वाजून वीस मिनिटांनी मी स्टँडवर होते.

साळवे इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, ग्लुकोजची बिस्किटं आणि घडी घातलेली शाल. मे महिन्यात शाल कशाला, हे मी विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर भीतीनं मला बोलता येईना, आणि भीतीनं त्यांना गप्प बसता येईना. रिक्षावाला सीटच्या अगदी कडेला बसला होता. साळव्यांनी त्याला विचारलं, “तुम्ही असे कडेला का बसता? हा धंदा सोडायचा विचार आहे का?”

“नाय वो काका,” तो म्हणाला. “मधी बसलं का कंबर धरतंय. दुसरं काय नाय.”

साळवे गंभीरपणे म्हणाले, “अच्छा.” मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडू. त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातात दिला आणि ते बाहेर बघत बसले.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. मी साळव्यांकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी माझं नाव सांगितलं. एस्तेर विजय कांबळे.

कॅलेंडरवरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, “शालिनीताईंना बरं वाटेल.”

सोनोग्राफी झाली, सुईनं तपासणी झाली. रिपोर्टला चार दिवस लागणार होते. त्याच दिवशी संध्याकाळी मी विजयला सांगितलं. तो ओट्याशी उभा राहून लसूण सोलत होता. त्यानं हातातली पाकळी पूर्ण सोलली, मग म्हणाला, “काहीतरी आहे हे मला कळत होतं. आरशावरचा टॉवेल बघायचो रोज. विचारायची भीती वाटली.” मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातच खाली बसलो.

रिपोर्ट वाईट होता. पण डॉक्टर म्हणाले, अजून काखेत पसरलेलं नाही, उपाय आहे. ऑपरेशन झालं, मग महिनोन् महिने ती औषधं. केस गेले. साळवे दर आठवड्याला घरी येत, दहा मिनिटं बसत, चहा नको म्हणत आणि मग पीत. मला त्यांनी एकदाही आकडा विचारला नाही. रियाला मात्र ते अकरावीच्या विषयांबद्दल विचारत आणि तिचं सगळं ऐकून घेत.

माझे उपचार संपले, डोक्यावर बोटभर केस आले आणि साळवे यायचे थांबले. गुरुवारी खोलीला कुलूप दिसलं. लागोपाठ तीन गुरुवार. फोन केला तर सतत एंगेज्ड. चौथ्या गुरुवारी दुपारी मी त्यांचं घर शोधत गेले. तळ्याजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मी मनात काय काय बघितलं, ते सांगत नाही.

दार साळव्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली, हातात मोबाइल.

“आजारी आहात का?” मी विचारलं.

“नाही. बसा.”

खोली स्वच्छ होती. टेबलावर एक ताट, एक पेला. साळवे समोर बसले आणि मी न विचारताच बोलू लागले. त्यांना एक मुलगी आहे, करुणा. हे मला माहीत नव्हतं, मंडळीत कुणी तिचं नावच काढत नसे. अकरा वर्षांपूर्वी ती मंडळीबाहेरच्या एका मुलाशी लग्न करायचं म्हणत होती.

“मी तिला चर्चच्या वडीलमंडळींच्या समोर उभं केलं,” साळवे म्हणाले. “सगळ्यांसमोर वचन मागितलं, की त्याला सोडशील. विचारणारा मीच होतो. ती हो म्हणाली. मला फार बरं वाटलं, बाई. पुढच्या आठवड्यात ती घर सोडून गेली. तिची आई जाईपर्यंत ती तिला फोन करायची. मला नाही.”

आता एका भाच्याने त्यांना सांगितलं होतं की करुणाला पाच वर्षांची मुलगी आहे. नंबरही दिला होता.

“तीन आठवडे झाले. नंबर लावतो, वाजायच्या आत कापतो. ती रागावेल याची भीती नाही वाटत. ती काहीच बोलणार नाही, याची वाटते.”

मी आकडा विचारला नाही. माझी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बसले. बराच वेळ खालून भंगारवाल्याची हाक येत राहिली. मग साळव्यांनी नंबर लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज एवढा मोठा असतो की मलाही सगळं ऐकू येत होतं.

“कोण?” एका लहान मुलीचा आवाज.

साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

“कोण बोलतंय?” मुलीनं पुन्हा विचारलं. मग फोनपासून तोंड बाजूला करून ओरडली, “आई, कुणीतरी आहे, नुसता श्वास घेतंय.”

पावलं वाजली. “हॅलो? कोण आहे?”

साळवे खुर्चीवरून उठून उभे राहिले. “मी शांतवन साळवे,” ते म्हणाले. “पनवेलहून बोलतोय.”

पलीकडे काहीच नाही. कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी. मी साळव्यांचं कोपर धरलं.

“थांबा,” ती म्हणाली. “गॅस बंद करून येते.”

साळवे थांबले. दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून, उभेच.