डिझेलची हजेरी

मी हजेरीपटातून एका कॅन्सर झालेल्या कुत्र्याचं नाव खोडलं. लाल शाईने, पट्टी लावून. पट्टीचं मुद्दाम सांगतो, कारण त्या कामात कौतुक करण्यासारखं तेवढंच होतं.

कुत्र्याचं नाव डिझेल. या गोष्टीच्या नऊ वर्षं आधी ते पिल्लू एका ट्रकच्या टाकीखाली सापडलं, तेव्हा त्याचा मूळ रंग कोणालाच ओळखता आला नव्हता. मी भिवंडीजवळ काल्हेरला बाळाराम अण्णांच्या गोडाऊनमध्ये कारकून होतो. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. भाताची खाचरं एकेक करून पत्र्याखाली जात होती. अण्णांचीही गेली होती. पण सकाळी उठून बांधावर जायची सवय गेली नव्हती. बांधाच्या जागी आता गेट होतं. बरोबर आठ वाजता अण्णा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेटपाशी खुर्चीत बसत आणि मी उगवलो, की मला हजेरी पुकारायला लावत. दहा नावं माणसांची, अकरावं डिझेलचं.

मी "डिझेल!" म्हणालो, की तो उठून गेटपाशी यायचा आणि एकदाच भुंकायचा. मी 'हजर' लिहायचो. मग त्याला भाकरी मिळायची. भुंकला नाही तर गैरहजर, हा अण्णांचा नियम.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "अण्णा, कुत्र्याचं नाव मस्टरवर कसं?"

"ड्युटी करतो म्हनून. तू काय करतंस ता मना अजून समजला न्हाय. तरी तुजा नाव हाय ना, बीकॉम?"

माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. पदवी मात्र रोज काढली.

डिझेलवर प्रेमबीम असल्याचा संशय कोणी घेतला, की अण्णांचं ठरलेलं उत्तर असे, "सोयरा न्हाय तो माजा, स्टाफ हाय." आणि स्टाफचा दुसरा नियम, तीन दिवस गैरहजर तर नाव कट. या नियमाखाली त्यांनी सख्ख्या भाच्याचं नाव कापलं होतं. भाचा लग्नानंतर चार दिवस माथेरानला गेला होता.

मग डिझेलचा जबडा सुजला. अण्णांच्या सुमो गाडीत पुढच्या सीटवर डिझेल, मागे बादली धरून मी, असे आम्ही ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेलो.

"मालक कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मालक-बिलक न्हाय. स्टाफ हाय आपला."

"वय?"

"जॉइन होऊन नऊ वरसा झाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं.

जबड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झेपणार नव्हतं. दर आठवड्याला इंजेक्शन द्यायचं ठरलं. "उठतोय, खातोय, तोवर देऊ," डॉक्टर म्हणाले. "उठायचं बंद झालं, की मग त्याला छळायचं नाही."

अण्णांच्या घरातली गादी गेटपाशी आली. बायको वारली होती, मुलगे ठाण्याला टॉवरमध्ये राहायला गेले होते. घरात वापरातली गादी एकच होती. आता अण्णा कशावर झोपतात, हे कोणी विचारलं नाही. ते मऊ भातात सुकटीचं कालवण कालवायचे, त्यात गोळी लपवायचे आणि दुखऱ्या बाजूला धक्का लागणार नाही असं बोटाने गालात भरवायचे. मी बघत राहिलो, तर म्हणायचे, "काय बघतंस? स्टाफला मेडिकल द्यावा लागतो."

दिवसभर डिझेल पडून असायचा. फक्त सकाळी नाव पुकारलं की उठायचा, गेटपाशी यायचा, तोंड उघडायचा. आवाज मात्र फुटत नसे. नुसती लाळेची तार लोंबायची. मग भात खायचा.

आवाज नाही, म्हणून मी गैरहजर लिहिलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी पट्टी काढली. नियम सगळ्यांना सारखा ठेवल्याबद्दल अण्णा माझी पाठ थोपटतील, अशी माझी खरोखरच समजूत होती.

त्या सकाळी मी दहा नावं पुकारून मस्टर मिटलं. डिझेल कान टवकारून माझ्याकडे बघत होता.

"बाबू, एक नाम रह गया," जुने हमाल इस्माईलभाई म्हणाले.

"कट गया," मी म्हणालो.

डिझेलने थोडा वेळ वाट पाहिली आणि मान टाकली. तो दिवसभर उठला नाही. अण्णांनी भरवलेला भात गालातून बाहेर पडत राहिला. मला ते फक्त एवढंच म्हणाले, "उद्या सुई हाय. उठला न्हाय तर डॉक्टर देनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मस्टर माझ्या हातातून घेतलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. उलटं धरून त्यांनी दहाही नावं ओळीने पुकारली. शेवटी म्हणाले, "डिझेल!"

गादीवर शेपटी हलली. पहिल्यांदा उठताना पाय घसरले. दुसऱ्यांदा उठला. सहा पावलं चालून गेटपाशी आला आणि तोंड उघडलं.

आणि पांढऱ्या शर्टातले, पासष्टीचे बाळाराम अण्णा, कोणाकडेही न बघता, एकदा भुंकले.

कोणी हसलं नाही. मागे उभा असलेला ट्रकवालाही नाही.

"लिव," अण्णा मला म्हणाले, "हजर."

मी खोडलेलं नाव खाली पुन्हा लिहिलं, पुढे 'हजर'. डिझेलने भात खाल्ला. पुढे दोन महिने हे रोज चाललं. नवीन कोणी चमकून पाहिलं, तर अण्णा सांगायचे, "स्टाफचा आवाज बसलाय." इंजेक्शनं चालू राहिली.

एका दुपारी अण्णांच्या चपलेवर डोकं ठेवून डिझेल गेला. गोडाऊनमागे शेताचा जो एवढासा तुकडा उरला होता, तिथे अण्णांनी स्वतः खड्डा खणला. फावड्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा सव्वाआठला पोचलो. गादी अजून तिथेच होती. दहा नावं झाली. अकराव्यावर मी थांबलो. एकदा तोंड पोळलेलं, तेव्हा या खेपेला विचारलेलं बरं.

"अण्णा, नाव कापू?"



"तुजा काप," अण्णा म्हणाले. "तो नऊ वरसा हजर व्हता. तू निस्ता येतंस."