मंगाफ मुक्कामी स्वयंपाकघराच्या तोटीची मोहीम

आज्ञा झाली की, तोटीचे प्रकरण पदरचे न घालता लिहावे. तरी मोजले ते मोजले म्हणून आणि ऐकले ते ऐकले म्हणून लिहितो.

राजश्री हरीशराव नाशिककर, कुवेत मुलखी मीना अब्दुल्ला बंदरीच्या तेलशुद्धी कारखान्यात गंजनिवारणाचे मामलेदार. कन्या शर्वरीचे उष्टावण तीन महिन्यांवर आले आणि जुन्या तोटीतून पाण्यात शिसे उतरते ऐसा प्रयोगशाळेचा अहवाल आला, मग पत्नी सुमेधाबाईंनी फर्मान काढिले की, पोरीचा पहिला भात या पाण्यात शिजणार नाही. बाटलीच्या पाण्याचा तह त्यांनी फेटाळिला. बाजारात बिनशिशाचे पितळ दोन जातींचे, एकात जस्त फार, दुसऱ्यात सिलिकॉन, आणि दोन्ही खोक्यांवर न गंजण्याचा दाखला. हरीशरावांचा दाखल्यांवर इतबार नव्हता. त्यांनी खुणा ठोकून दोन्ही जातींचा एकेक तुकडा गच्चीच्या टाकीतील कढत पाण्यात नव्वद दिवसांच्या मुदतीने बुडविला, एकेक कोरा तुकडा साक्षीस डबीत ठेविला, आणि कोणी हात लावू नये ऐसी ताकीद दिली.

सत्त्याऐंशीव्या दिवशी हरीशरावांनी तुकडे पाहणीस खाली आणून ओट्यावर ठेविले आणि ते कामावर गेले, मग नाशिकाहून त्यांच्या सासूबाई रत्नमालाबाई दाखल जाहल्या. काळवंडलेले पितळ त्यांस देखवेना. चिंच-मीठ घेऊन त्यांनी चारही तुकडे घासिले, डबीतील साक्षीदारही सोडिले नाहीत. तीन महिन्यांची मसलत मोरीत वाहून गेली आणि उष्टावण पाच दिवसांवर राहिले.

"आईला सांगितलं होतंस?" हरीशराव कामावरून परतताच सुमेधाबाईंनी विचारिले.

"फ्रिजवर ताकीद लावली होती."

"इंग्रजीत."

मग रत्नमालाबाई स्वतःच फिर्याद घेऊन आल्या. "हरीशराव, यातला एक तुकडा तुम्हाला फसवून दिलाय. घासून हात दुखले, तरी हा तांबडाच. याचा डबीतला भाऊ बघा कसा पिवळा निघालाय."

हरीशरावांनी दोन्ही तुकडे उजेडात धरिले. आम्लानेही पितळ तांबूस पडते हे ते जाणत. परंतु त्याच जातीचा कोरा तुकडा त्याच चिंचेने पिवळा, सबब चिंच निर्दोष. पाण्याने जस्त पळविले आणि मागे पोकळ तांबे राहिले. सिलिकॉनवाले दोन्ही तुकडे एकरंगी.

मग सिलिकॉनवाली तोटी चढविली आणि तिच्या पाण्यात भात शिजला. शर्वरीने पहिला घास थुंकिला, दुसरा गिळिला. पहिल्याचा दोष तोटीस देण्यास पुरावा नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. जातीस तुकडा एकच, म्हणून विजय तूर्त प्राथमिक समजावा. नवे तुकडे बुडविले आहेत. ताकीद मराठीत लिहिली असून तिजखाली रत्नमालाबाईंची सही घेतली आहे.